उजवीकडचे बाक उठले नाहीत

काकाजी, तुम्ही स्टुलावर बसलात तेव्हा मी हसले. ही गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली, तीही काल, आणि सांगताना भर मे महिन्यात माझे दात कडकड वाजत होते. तुम्हाला सांगायची गरजच नाही. तुम्ही ते पाहिलंत. माझं ते जिंकल्यासारखं हसणारं तोंड ही तुम्ही या जगात पाहिलेली शेवटची गोष्ट असेल, हा विचार पंधरा दिवस झाले माझी पाठ सोडत नाही.

कागद घेऊन बसलं की ही अशी शाळेतली मराठी येते बघा. समोर असता तर म्हटलं असतं, "काकाजी, मले लय भेव लागून राहिलं." तेवढंच. आणि तुम्ही म्हणाला असता, "भेव लागते तं पुस्तकं लाव, पोट्टे." तुमच्याकडे सगळ्यावर तेच एक औषध होतं. गीतांची पुस्तकं उचलायची, फाटक्या पानांची वेगळी काढायची, पाठी एका रेषेत आणायच्या. डोकं दुखतंय, घरी भांडण झालंय, आईचा रिपोर्ट यायचाय, काहीही असो. मी चिडायची आणि लावायची. पुस्तकं लागेपर्यंत चीड गेलेली असायची, हेही खरं.

आपण दोघं दारावरचे. चर्चच्या दाराशी उभं राहायचं, येणाऱ्याच्या हातात पुस्तक द्यायचं, म्हाताऱ्यांना कूलरच्या वाऱ्यात जागा करून द्यायची, लेकरू रडलं तर त्याच्या आईला बाजूच्या दारानं हळूच बाहेर न्यायचं. प्रभुभोजनाची प्रार्थना संपली की बाकाच्या कडेला दोन बोटं टेकवायची, मग तो बाक उठून भाकर-प्याला घ्यायला वेदीकडे जायचा; डावीकडचे बाक माझे, उजवीकडचे तुमचे. पगार नाही, नाव नाही. काम नीट झालं तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. तुम्ही अख्खी नोकरी कळमेश्वरच्या कारखान्याच्या गेटवर काढली आणि रिटायर झाल्यावरही रविवारी देवाच्या गेटवर उभे. काकू म्हणायच्या, "सहा दिवस गेट अन् सातव्या दिवशीही गेटच. याले स्वर्गातही आत नाही घेतीन, बाहीरच उभं ठेवतीन." तुम्ही त्यावर खुदुखुदु हसायचात. मला आता ते वाक्य आठवायचंसुद्धा भेव वाटतं.

मी तिथं आले तीच मुळी भांडायला. आठ वर्षं झाली. उशीर झाला होता, आत प्रार्थना चालू होती आणि तुम्ही मला हात आडवा करून दारात थांबवलंत. मी गांधीबागेत कपड्याच्या दुकानात दिवसभर लोकांचं ऐकून घेणारी बाई, एका सुट्टीच्या दिवशी कोणाचं का ऐकून घेऊ? उपासना सुटल्यावर तुम्हाला असं झापलं की बाहेर लोक थांबून बघायला लागले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "झालं बोलणं? आता येत्या रविवारी लवकर येजो अन् माह्या बाजूले उभी राय. मंग समजन." मी रागानंच आले. आणि मग येतच राहिले.

तुमचे नियम तीन. पायात रबरी तळव्याचे बूट, आवाज नको. सगळ्यांचे डोळे मिटले की आपले उघडे, कारण तेवढ्यासाठीच आपण आहोत. आणि तिसरा, पाद्रीसाहेब भाकर हातात घेऊन प्रार्थना म्हणत असताना मधल्या वाटेत पाऊल टाकायचं नाही. "छत पडलं तरी आमेनपर्यंत हलायचं नाही," असं तुम्ही म्हणायचात, आणि आवाज असा करायचात की मला खरंच वर बघावंसं वाटायचं.

मी गप्प बसणारी थोडीच. विचारलं होतं तुम्हाला, "अन् कोणी पडलं तं?"

"देवासमोर कोण पडते?"

"म्हातारे लोक पडते, काकाजी. चक्कर येते, बीपी कमी होते. तेव्हा काय करायचं? तसंच पाहत राहायचं?"

तुम्ही कान खाजवलात. "मंग सांगीन," म्हणालात. तेवढ्यात घंटा झाली. ते "मंग" काही आलं नाही. अधूनमधून मी आठवण करून द्यायची, तुम्ही विषय टाळायचात. तुम्हालाही उत्तर सापडलं नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हाच कबूल केलं असतंत तर काय बिघडलं असतं हो? राग येतो मला तुमचा. खरंच येतो.

आणि ते स्टूल. दुकानात मालक आम्हाला बसू देत नाही, गिऱ्हाईक नसलं तरी नाही. संध्याकाळी घरी जाते तेव्हा पाय सुजलेले असतात. त्यामुळे सत्तरीचा माणूस दीड तास ताटकळत उभा दिसला की माझंच डोकं फिरायचं. इतवारीतून लाकडी स्टूल आणलं, ऑटोत मांडीवर घेऊन आणलं, तुमच्या जागेवर ठेवलं. तुम्ही काय केलंत? त्याच्यावर गीतांची पुस्तकं रचलीत! "बरं झालं वं, पुस्तकाईले जागा नव्हती."

"पुस्तकासाठी नाही आणलं मी. बसा नं तुम्ही."

"गेटवरचा माणूस बसत नसते."

"मालक मले बसू देत नाही. तुम्हाले कोणत्या मालकानं मना केलं?"

यावर तुम्ही वेदीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "त्यानं नाही केलं मना. पण मले नाही जमत." दर रविवारी हा खेळ. मी डोळ्यांनी स्टूल दाखवायची, तुम्ही डोळ्यांनी पुस्तकं दाखवायचात. वर्षभर असा चालला.

मग तो रविवार आला. कूलर घरघरत होते. भाकरीची प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. मी डावीकडच्या भिंतीशी, तुम्ही उजवीकडे दाराशी. मध्ये फक्त ती वाट, दहा पावलांची. तुम्ही वाकलात. स्टुलावरची पुस्तकं दोन्ही हातांनी उचललीत, खाली फरशीवर ठेवलीत आणि बसलात. मग माझ्याकडे पाहिलंत.

मी हसले. भुवई उडवली, मान हलवली. आता कसं! आले की नाही जाग्यावर! एवढा आनंद झाला मला, काकाजी. वर्षभराचं भांडण जिंकल्याचा आनंद. तुम्ही जरा ओशाळल्यासारखे दिसलात आणि मग मान मागं भिंतीला टेकवलीत.

माझं हसू तोंडावर किती वेळ राहिलं, ठाऊक नाही. आधी पायांना भीती कळली, मग डोक्याला. तुमचे डोळे मिटलेले होते. प्रार्थनेत तुम्ही डोळे मिटत नाही. आणि पुस्तकं जमिनीवर होती. आठ वर्षांत एखादं पुस्तक चुकून खाली पडलं तरी तुम्ही ते उचलून कपाळाला लावायचात, पदरानं पुसायला मला लावायचात. त्या माणसानं अख्खी थप्पी धुळीत ठेवली होती.

मला कळलं होतं का? रोज विचारते स्वतःला. अर्धं कळलं होतं. अर्धं कळलेल्या बाईनं धावायला पाहिजे होतं. मी उभी राहिले. पाद्रीसाहेबांचा आवाज चालू होता, वाट मोकळी होती, आणि माझे पाय तुमच्या त्या नियमानं जागच्या जागी बांधले गेले होते. छत पडलं तरी. मनात म्हणत होते, होईल आता आमेन, होईल आता. तेवढी लांब प्रार्थना मी जन्मात ऐकली नाही.

आमेन झाल्यावरही मी तुमच्याकडे आले नाही, हे सर्वांत वाईट. सवयीनं पुढं गेले, डावीकडच्या पहिल्या बाकाच्या कडेला दोन बोटं टेकवली. बाक उठला, रांग वेदीकडे निघाली. दुसऱ्या बाकाला बोटं टेकवली, तोही उठला. उजवीकडचे बाक उठले नाहीत. सगळी माणसं समोर बघत शांत बसलेली, तुमच्या दोन बोटांची वाट पाहत. कोणी मागं वळून पाहिलं नाही, कारण तुम्ही यायचेच, कधी चुकला नव्हतात. काकू तिसऱ्या बाकावर, डोक्यावर पदर, हात मांडीवर. ते न उठलेले बाक पाहून मी धावले. तोवर तुमचा हात गार लागायला लागला होता. की तो कूलरचा वारा होता? हेही मला कधी कळणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "केव्हा झालं हे?" काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्ताच. आमेन झाल्यावर." माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मीच दचकले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच धावलात तरी गेले, म्हणजे काही करता आलं नसतं. आणि तिथून ते सुरू झालं. मातीच्या वेळी पाद्रीसाहेब बोलले, "आमेन म्हणता म्हणता आपला भाऊ गेला." बाया काकूंना धरून सांगायला लागल्या, केवढं भाग्य, आमेनसोबत गेले, असं मरण कोणाला मिळतं. माझ्या एका खोट्याची साक्ष झाली, काकाजी, देवाच्या कृपेचा दाखला म्हणून सांगायची गोष्ट. लोक ती साक्ष सांगून रडत होते. मी तुमच्या पेटीशी उभी होते आणि मला वाटत होतं की आता तुम्ही उठून बसाल आणि म्हणाल, ही पोट्टी पाहून राहिली होती, हिले विचारा.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगते. आई दुपारी जेवून आडवी होते, मी तिच्या नाकाशी बोट नेऊन बघते. एकदा ती जागी होती. "मेली नाही मी अजून," म्हणाली, आणि मला रडूच फुटलं. दुकानात एका गिऱ्हाइकाची सासू बाकावर डोळे मिटून बसली होती. मी साड्यांची थप्पी सोडून तिचे खांदे गदागदा हलवले. ती किंचाळली, मालकानं मला आत बोलावून घेतलं. पहिल्या रविवारी मी ताप आल्याचं खोटं सांगून घरी राहिले. एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं.

गुरुवारी पाद्रीसाहेब घरी आले. म्हणाले, "शीलाताई, या रविवारपासून दारावर तुम्हीच. काकूंचाही निरोप आहे, त्याच्या जागेवर शीलाच उभी राहील." नाही म्हणणार होते. काकूंचं नाव ऐकलं आणि हो म्हणून बसले.

काल गेले. घाईत, भीतीत, रबरी बूट घरीच राहिले, पायात बाजारच्या टाचांच्या चपला. दाराशी स्टूल तिथंच. कोणी तरी पुस्तकं पुन्हा त्याच्यावर रचून ठेवली होती. मी ती एकेक लावली. पाठी काही केल्या रेषेत येईनात.

भाकरीची प्रार्थना सुरू झाली. डोळे मिटले सगळ्यांनी. मी एकेक डोकं बघत होते. आणि उजवीकडे चौथ्या बाकावर मार्थाबाईंचं डोकं पुढच्या बाकावर टेकलेलं दिसलं, एक हात खाली लोंबत. पुन्हा तेच ते थंड पायांतून वर आलं. पाय म्हणाले, आमेनपर्यंत थांब. काकाजी, मी नाही थांबले. मधल्या वाटेनं धावले. चपला फरशीवर अशा वाजल्या की कूलरचा आवाजही बुडाला. पाद्रीसाहेब भाकर हातात घेऊन थबकले. सगळ्या चर्चचे डोळे उघडले. मी मार्थाबाईंचा दंड धरून हलवला.

"अगे माय वं!" त्या ताडकन उठल्या. "झालं का आमेन?"

झोपल्या होत्या! लाळ गळत होती पुस्तकावर. मागं कोणी तरी फिस्सकन हसलं. मी दुकानातल्या आवाजात पाद्रीसाहेबांना म्हटलं, "चालू द्या, चालू द्या." गिऱ्हाइकाला म्हणते तसं. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि जिथं थांबले होते तिथून पुढं सुरू केलं. काही कोसळलं नाही. छत होतं तिथंच होतं.

आमेन झाल्यावर मी आधी उजवीकडे गेले. पहिल्या बाकाला दोन बोटं टेकवली, तो उठला. दुसरा उठला. तिसऱ्याच्या कडेला हात नेला तेव्हा काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता सुटका नाही.

उपासना सुटल्यावर त्या निंबाखाली माझी वाट बघत होत्या. माझा हात हातात घेतला. "काहून धावली वं अशी? मार्थाबाई तं दर रविवारी झोपते."

मी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. "काकू, मी काकाजीले आमेनच्या पहिलेच पाहिलं होतं. ते बसले, मान टेकवली. मी हलली नाही. डॉक्टरले खोटं सांगितलं मी."

त्यांनी माझा हात सोडला. दात वाजायला लागले ते तेव्हा.

"किती येळ?"

"अख्खी प्रार्थना."

"अन् तुले समजलं नाही?"

"पहिले नाही समजलं. मी हसली, काकू. मले वाटलं ते स्टुलासाठी हारले. मंग समजलं, तरी पाय उचलला नाही."

त्यांनी मला कानाखाली मारावी असं मला वाटत होतं. एकदा मारली असती तर संपलं असतं. त्यांनी विचारलं, "त्यानं पाहिलं तुले? हसताना?"

"हो."

"तोंड कसं होतं त्याचं?"

कोणी असं विचारेल, हे माझ्या मनातही नव्हतं. मी आठवून सांगितलं, "जरासं ओशाळल्यासारखं. चहात चोरून साखर घेताना तुम्ही पकडता नं त्याइले, तसं."

काकू मटकन खाली बसल्या, निंबाच्या पारावर, आणि रडल्या. मातीच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "लोक म्हणते आमेनसोबत गेला. मले पटलं नाही कधीच. आमेन झालं अन् त्याचे बोटं आले नाही बाकावर. मी तं वाट पाहून राहिली होती नं. तेव्हाच समजलं मले, हा पहिलेच गेला. एवढी माणसं होती अन् सगळ्याईचे डोळे मिटलेले, माहेही. एकटाच गेला माणूस, हेच खाऊन राहिलं होतं मले."

मी त्यांच्या बाजूला पारावर टेकले.

"पण तू पाहत होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"तं एकटा नव्हता."

मग काकू उठल्या, साडी झटकली. म्हणाल्या, "माफ केलं असं आत्ताच नाही म्हणत मी. राग आहे मले. राहीन काही दिवस. पण येत्या रविवारी दारावर तूच राय. मी तिसऱ्या बाकावरच बसीन. माह्याकडेही लक्ष ठेवजो."

काकाजी, भीती गेलेली नाही. हे लिहितानाही मध्ये दोनदा उठून आईला बघून आले. येत्या रविवारी सगळे डोळे मिटतील तेव्हा मी एकेक डोकं बघत राहीनच, आणि बहुतेक दर रविवारी बघेन. तुम्ही मला आठ वर्षं सांभाळून घेतलंत, भांडलात, दाराशी जागा दिलीत, याचे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानते. पुस्तकं मी खिडकीच्या फळीवर हलवणार आहे. स्टूल रिकामं राहील. ज्याला बसायचं त्यानं बसावं, मलाही वाटलं तर मी बसेन.

आणि तुमच्या त्या "मंग सांगीन"ची वाट आता मी पाहत नाही. रबरी बूट घालीन, डोळे उघडे ठेवीन, हे दोन नियम तुमचे. तिसरा मी मोडला आहे आणि पुन्हा मोडणार. कोणाचं डोकं टेकलेलं दिसलं की भाकर हातात असो नाहीतर प्याला, मी मधल्या वाटेनं जाईन. झोपलेलं निघालं तर लोक हसतील. हसू दे. आमेन मागाहून म्हणता येतं.